दादाच्या टेबलावरची पाण्याची वाटी

दादा,

तुझ्या टेबलावरच्या वाटीतलं पाणी आटलं. तळाला पांढरा क्षार धरलाय आणि त्यात एक मुंगी मरून पडलीय. तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. तू दवाखान्यात गेल्यापासून शेडचं कुलूप कुणी काढलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आज काढलं. आत पाऊल टाकलं आणि तोच वास आला, जळक्या प्लॅस्टिकचा, आणि क्षणभर वाटलं की तू चहा सांगायला बाहेर गेलायस, येशीलच आता. मग वाटीकडे लक्ष गेलं आणि मी तुझ्याच स्टुलावर बसले.

तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली, दादा. आबासाहेबांच्या गाडीची. इतकी वर्षं रोज तुझ्यासमोर बसले, एका ताटातली चटणी खाल्ली, आणि ते तेवढं बोलायला तोंड उघडलं नाही. आता तू ऐकायला नाहीस म्हटल्यावर वही घेऊन बसलेय. भित्री ती भित्रीच, असं म्हणून तू हसला असतास. हस. पण या वेळी मधे उठून जाऊ नकोस.

फाट्यावरच्या चहावाल्यानं तुझा फोटो फळ्याला चिकटवलाय. खाली खडूनं लिहिलंय, ‘वाटूर फाट्याचे सुप्रसिद्ध डॅशबोर्ड कारागीर माणिकभाऊ यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. तू असतास तर ‘सुप्रसिद्ध’ पुसून टाकायला लावलं असतंस. कुणी विचारलं काय करता, की तुझं उत्तर ठरलेलं, ‘बादल्या जोडतो’. गाड्यांचं काम सुरू होऊन दहा वर्षं झाली तरी तेच. मला राग यायचा. म्हटलं, लोकं मोटारी घेऊन येतात आणि हा बादल्या सांगतो.

पण सुरुवात बादल्यांपासूनच झाली होती, हे खरं. आष्टीच्या बाजारात गोणपाट अंथरून बसायचास. समोर कोळशाची शेगडी, तिच्यात दोन सळया तापत घातलेल्या. बायका फुटक्या बादल्या आणि घागरी घेऊन रांगेत उभ्या. मी तेव्हा शाळेत होते, तुला भाकरी द्यायला यायचे. एक म्हातारी तुझ्याशी भांडली होती ते आठवतं का? तू तिच्या घागरीच्या भेगेच्या टोकाला तापल्या सुईनं बारीक भोक पाडलंस, तर तिनं घागर हिसकावून घेतली. ‘बुजवाया आणली मी अन् तू आनखी भोकं पाडून राह्यला का रे?’ तू शांतपणे म्हणालास, ‘मावशी, भेगेला थांबाया जागा लागती. न्हाई तर ती चालतच ऱ्हाती.’ म्हातारीला काही पटलं नाही. पण घागर नंतर चार वर्षं टिकली म्हणून तिनंच बाजारभर सांगितलं.

मग गाड्यांच्या आतही प्लॅस्टिक आलं. आपल्याकडचं ऊन तुला माहीत. काचा लावून गाडी दुपारभर उभी राहिली की आतली पॅनलं तडकायची, त्यात खड्डे. पहिल्यांदा एक जीपवाला टॉवेलात काहीतरी गुंडाळून आला, जखमी पाखरू आणावं तसं. उघडलं तर डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण, तीन तुकडे. तू ते उलटंपालटं केलंस, कोपरा दातानं चावलास, वास घेतलास आणि म्हणालास, ‘बादलीच हाय ही. फक्त गाडीत बसती.’ त्या वर्षी तू आष्टीचा बाजार सोडलास आणि फाट्यावर हे शेड टाकलंस.

मी सासरहून परत आले तेही फाट्यावरच उतरले. चैत्रातली दुपार होती. हातात ट्रंक, डोळे सुजलेले. तू दाराचं पॅनल मांडीवर घेऊन घासत होतास. मान वर केलीस, ट्रंकेकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि विचारलंस काय, तर ‘जेवलीस का?’ बस. का आलीस, काय झालं, परत कधी जाणार, एक शब्द नाही. वहिनीनं विचारलं, शेजारणींनी विचारलं, अख्ख्या गावानं विचारलं. तू कधीच नाही. तुला वाटत असेल मी तुझे उपकार मानत असेन. दादा, मला त्याचा फार राग होता. वाटायचं, माझ्या जिवावर काय बेतलं ते सख्ख्या भावानं विचारू नये? मी दगड आहे का? एकदा रागात तुला तसं बोललेही. तू म्हणालास, ‘तुला सांगावं वाटंल तवा तू सांगशीलच की.’ ते भांडण तिथंच राहिलं. मी सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस.

तिसऱ्या दिवशी मात्र माझ्यापुढं प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा ढीग ओतलास. ‘हे निवडून दे.’ सगळे काळे, करडे, एकसारखे. मला वाटलं चेष्टा करतोयस. मग बादलीभर पाणी आणलंस आणि दोन तुकडे टाकलेस. एक वर आला, एक तळाला गेला. ‘वरलं येगळं, खाललं येगळं. वरल्याला वरलंच लागतं. खाललं लावलं तर बसल्यावानी दिसतं, पन धरत न्हाई. एका दिसी खपलीवानी निघतं.’ असं म्हणून दोन पत्र्याचे डबे दिलेस. दोन्ही तेलाचे, दोन्ही एकाच मापाचे. तरंगणाऱ्याच्या डब्यावर चुन्यानं वरच्या काठाला रेघ ओढलीस, बुडणाऱ्याच्या डब्यावर तळाशी ठिपका दिलास. त्या दिवसापासून ते डबे माझे झाले. घरात बसून लोकांच्या नजरा झेलण्यापेक्षा ते बरं होतं. मला जगायला काहीतरी हातात दिलंस, हे तेव्हा कळलं नव्हतं.

तुझं काम बघत बसायला आवडायचं मला. आधी भेगेच्या टोकाला भोक. मग पॅनल पालथं घालून मागून जाळीचा तुकडा तापवून आत बसवायचास. ही जाळी कुठली, तर माझ्या पिठाच्या चाळणीची. नवी कोरी चाळणी, दिवाळीला घेतलेली, आणि एक दिवस बघते तर मधोमध चौकोनी खिडकी. मी केवढी ओरडले! तू म्हणालास, ‘सुमे, गिऱ्हाइकाची गाडी खोळंबली होती.’ वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. त्यानंतर घरात चाळणी आली की मी ती लुगड्यांच्या घडीत लपवून ठेवायचे आणि तुला बरोबर सापडायची. जाळीवर डब्यातला तुकडा वितळवून भरायचास, मग पुढून तसंच भरून, पाणी लावून घासून गुळगुळीत करायचास. आणि शेवटी ती जागा थोडी ऊन करून तिच्यावर तुझ्या जुन्या चामडी पाकिटाचा तुकडा दाबायचास, की मूळच्या पॅनलसारखे बारीक कण उठायचे. पाकीट त्या कामासाठीच होतं. पैसे तू खिशात चुरगळून ठेवायचास.

मग तुझा खेळ. गिऱ्हाइकासमोर पॅनल धरायचास, ‘सांगा, भेग कुठं होती?’ तो डोळे बारीक करून शोधायचा, बोट फिरवायचा. सापडली नाही तर तू लहान मुलासारखा खुलायचास. सापडली तर तोंड एवढंसं करून पॅनल परत घ्यायचास आणि उद्या या म्हणायचास. मी म्हणायचे, अरे, दिसली रेघ तर दिसली, मजबूत आहे ना? यावर आपलं कधी जमलं नाही. तू म्हणायचास, दिसली म्हणजे माणूस तिथंच बघत राहतो. मी म्हणायचे, लपवलेलं कधी ना कधी वर येतं. बघ, काय तोंडानं बोलत होते मी.

आता येते त्या दसऱ्यावर.

खंडेनवमीला तू शेडमधली सगळी हत्यारं धुवून मांडायचास. सळया, कानस, कात्र्या, हळदीकुंकू लावून ओळीनं. त्या वर्षी तुला सर्दीनं घेरलं होतं. नाक गच्च, डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, तू बस, मी करते. आणि नको तेवढं केलं. हत्यारांबरोबर डबेही धुवायला काढले. दोन गोण्यांवर दोन ढीग ओतले, डबे राखेनं घासले, चकचकीत केले. चुन्याची रेघ आणि ठिपका दोन्ही गेले. तेवढ्यात वहिनीनं नैवेद्याला हाक मारली. परत आले तेव्हा ऊन सरकलं म्हणून गोण्या कुणीतरी आत ओढून ठेवल्या होत्या. हा इकडचा, तो तिकडचा, असं मनाशी म्हणाले, ढीग भरले, वर नवा चुना लावला, झेंडूची फुलं वाहिली, हातही जोडले. पाण्याची बादली दोन हातांवर होती. एक तुकडा टाकून बघितला असता तर?

दसऱ्यानंतर चारच दिवसांत आष्टीचे आबासाहेब आले. त्यांच्या सहा जीपा परतूर-आष्टी धावायच्या, त्यांचं सगळं काम तुझ्याकडे. या वेळी घरची गाडी आणली होती. डॅशबोर्डला वीतभर भेग. तुळशीच्या लग्नानंतर मुलीचं लग्न, नवरदेव याच गाडीत बसणार, आणि नवा डॅशबोर्ड वेळेत येईना. तू पॅनल सोडवलंस, मागून कोपरा कापून पाण्यात टाकलास. तरंगला. ‘वरलं दे,’ म्हणालास. मी रेघेच्या डब्यातली मूठ दिली. एरवी तुकडा सळईला टेकताच तू वासावरून ओळखायचास. पण त्या दिवशी तुला नाकच नव्हतं. माझ्या डब्यावर विसंबलास.

आबासाहेबांनी भेग शोधली. चष्मा लावून, चष्मा काढून, दार उघडून उजेडात. नाही सापडली. त्यांनी तुझ्या पाठीवर अशी थाप मारली की तुला खोकला आला. ‘माणिक, तू इथं फाट्यावर धूळ खात बसू नको. जालन्याला माझा गाळा रिकामा पडला, धान्याच्या मोंढ्याच्या अंगाला. लग्न उरकलं की तुझ्या ताब्यात देतो. बोर्ड रंगवाया टाक.’ तू हो म्हणालास की नाही ते ऐकू आलं नाही, तुझा आवाजच फुटेना. संध्याकाळी जिलबी आणलीस. वहिनीला म्हणालास, ‘जालन्याला शहरात ऱ्हायचं म्हंजी तुला चपला नव्या लागतेन.’ आणि मला, ‘सुमे, तिथं तुझं येगळं टेबल ऱ्हाईल.’ मी तुला इतकं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बादली भरताना रेघेच्या डब्यातला एक तुकडा माझ्या हातून पाण्यात पडला. तळाला गेला.

मी दुसरा टाकला. तोही गेला. मग डब्यातले मूठमूठ टाकत राहिले. सगळे तळाला गेले, दादा. तू समोर पेंटरशी बोलत होतास, बोर्डाचा पत्रा केवढा घ्यायचा ते हातानं दाखवत होतास. त्याच वेळी उठून सांगायला हवं होतं. गाडी आष्टीलाच होती, बारा कोस पण नाही. लग्नाला चार आठवडे होते. पॅनल आणून, खरवडून, पुन्हा करायला तुला एक दिवस पुरला असता. फार तर आबासाहेब थोडे कुरकुरले असते. पण मी काय केलं, तर डबे गुपचूप ओतून परत निवडले, जागच्या जागी ठेवले आणि तुला चहा नेऊन दिला.

मनाची समजूत किती घातली म्हणतोस! जाळी आहे आत, ती धरून ठेवेल. थंडीचे दिवस आहेत, नाही निघणार. लग्न होऊ दे, मग सांगू. जालना हातातून जाईल या भीतीनं गप्प बसले असं म्हणते मी स्वतःला. पण खरं तेही नाही. तुझ्या घरात मी उपरं माणूस होते. माझं म्हणून एवढंच काम होतं, दोन डबे. तेही मला जमत नाही असं तुला वाटलं तर मी कुठं जाणार, ही भीती होती. आज लिहिताना लाज वाटते. तू मला घालवून दिलं असतंस का? पण घालवून दिलेल्या बाईला तेवढा विश्वास कुठून यावा, सांग.

लग्नाच्या दिवशी आपण सगळे आष्टीला जेवायला गेलो. वरात निघाली. बँडवाल्यांनी जोर धरला आणि पुढं नवरदेवाला खेटून बसलेले त्याचे दोस्त डॅशबोर्डवर ताल धरायला लागले. तू गाडीच्या बरोबरीनं चालत होतास, खुशीत. मग आतून ओरडा आला. भरलेली पट्टी सुटून उडाली होती, भेगेचा काठ नवरदेवाच्या हाताला लागला होता. फार नव्हतं लागलं. पण पांढऱ्या कपड्यावर रक्ताचे थेंब उठले आणि बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. बँड थांबला. त्या शांततेत आबासाहेबांनी तुला शोधलं ते मला अजून दिसतं.

त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, लग्नघर होतं. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये आले. बरोबर चार माणसं, बाहेर चहाचं गिऱ्हाईक जमलेलं. ती सुटलेली पट्टी त्यांनी तुझ्या टेबलावर फेकली. ‘माणिक, हे काय हाय? तुझं नाव मी चार लोकांत घेऊन राह्यलो, अन् तू माझ्या दारात, लग्नाच्या दिवशी, ही शोभा केली?’ चहावाला तुझ्या बाजूनं बोलला, ‘साहेब, पोरं ढोलावानी बडवत होती म्हनं.’ तेवढा आधार पुरला असता तुला. तू पट्टी उचललीस. उलटी केलीस. खालची बाजू साफ, जाळीचे नुसते ठसे, जिथं चिकटायला हवं होतं तिथं कणही चिकटलेला नव्हता. अंगठा फिरवलास तिच्यावर. मी तुझ्यापासून हातभर लांब होते, दोन्ही डबे माझ्या पायाशी. वाटलं, आता हा माझ्याकडे बघणार.

तू बघितलं नाहीस. पट्टी सदऱ्याच्या खिशात टाकलीस आणि खिशाचं बटन लावलंस. म्हणालास, ‘बडवलं तरी निघाया नको होतं, साहेब. काम माझं होतं. चूक माझी हाय.’

‘चूक म्हनून भागतं का? तुला काम येत न्हाई, असं म्हन.’

तू हात जोडलेस. ‘तसं म्हना.’

दादा, मी तिथं होते. ‘काम येत न्हाई’ हे तुला म्हटलं गेलं, भेग सापडली तर त्या रात्री न जेवणाऱ्या माणसाला, आणि मी तिथंच उभी होते. आबासाहेबांनी जीपा दुसरीकडे नेल्या. गाळ्याचं नाव पुन्हा निघालं नाही. पेंटरनं बोर्डावर ‘जालना’ एवढंच लिहून आणलं होतं. तो पत्रा तू छपराच्या भोकावर टाकलास, अक्षरं आतल्या बाजूला आली. इतकी वर्षं मी तुकडे निवडता निवडता मान वर केली की ते दिसायचं. तू कधी वर बघायचास का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरून मी पितळेची वाटी आणली. पाणी भरून तुझ्या टेबलावर ठेवली. मनात होतं, हा विचारील, वाटी कशाला, आणि मी रडून सगळं सांगून टाकीन. तू आलास. वाटीकडे बघितलंस. सळई तापत घातलीस, रेघेच्या डब्यातला तुकडा उचललास, वाटीत टाकलास, तो तरंगला, काढून पुसलास आणि कामाला लागलास. एवढंच म्हणालास, ‘पानी रोज बदलत जा.’ मी रोज बदललं. तूही त्यानंतर एकही तुकडा वाटीत टाकल्याशिवाय लावला नाहीस. मला वाटायचं, सवय लागली याला. कळलं मात्र याला काहीच नाही.

पुढं धुरानं तुझा खोकला वाढला. नाकाला ओला रुमाल बांध म्हणून मी किती डोकं फोडलं! वाटी आहे ना आता, मग वास कशाला घ्यायचा? तर म्हणे, ‘वाटी तुझी, नाक माझं. दोघं बराबर बोलले तर काम पक्कं.’ तेही भांडण अर्धंच राहिलं. डॉक्टरांनी फुप्फुसं खराब झाली म्हणून सांगितलं, आणि बिडी किती ओढता म्हणून विचारलं. तू आयुष्यात बिडी ओढली नव्हतीस. शेवटी तू जालन्याला गेलास, दादा. दवाखान्यात का होईना, बावीस दिवस राहिलास जालन्याला.

तिथं मी रोज ठरवून यायचे. शेवटच्या आठवड्यात एकदा वहिनी औषध आणायला खाली गेली, आपण दोघंच होतो. मी तुझा हात धरला. म्हटलं, ‘दादा, ती आबासाहेबांची गाडी... तो दसरा...’ पुढचे शब्द सोडून मी तुझी चादर सारखी करत राहिले. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघत राहिलास. श्वास पुरत नव्हता तरी बोललास. ‘जेवलीस का?’

मला वाटलं तुला ऐकू गेलं नाही, भ्रमात बोलतोयस. मी नुसती मान हलवली आणि तोंड फिरवून बसले. दोन दिवसांनी तू गेलास.

काल वहिनीनं तुझी ट्रंक उघडली. कपडे, बाजाराच्या काळातली ती पहिली सळई, आणि तळाशी एक साबणाची डबी. ती माझ्या हातात देत म्हणाली, ‘सुमनबाई, ह्याच्यात काय हाय ते मला काई उमगत न्हाई. एकदा कचरा म्हनून मी टाकाया निघाल्ते, तर हे केवढ्यांदा वरडले! म्हनले, ऱ्हाऊ दे, कुनाच्या हाती लागाया नको.’

मी डबी उघडली. आत ती पट्टी होती. वीतभर लांब, बोटभर रुंद, डबीत मावावी म्हणून दोन तुकडे केलेली. एका बाजूला तुझ्या पाकिटाचे बारीक कण. दुसऱ्या बाजूला माझ्या चाळणीच्या जाळीचे चौकोन, स्वच्छ उठलेले. वहिनी काय काय बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं.

म्हणजे तुला माहीत होतं. त्या दिवशी, त्याच घडीला, सगळ्या लोकांसमोर तुझा अंगठा त्या साफ बाजूवरून फिरला तेव्हाच तुला कळलं होतं की डबा चुकला. आणि डबे कुणाचे ते तर फाट्यावर सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या कुणा जाणत्या कारागिराच्या नजरेला ती पडली असती तर त्यालाही कळलं असतं. म्हणून खिशात टाकलीस. म्हणून बटन लावलंस. म्हणून मान वर करून माझ्याकडे बघितलं नाहीस, की कुणी तुझ्या नजरेमागं माझ्यापर्यंत येऊ नये. ती वाटी ठेवली तेव्हा मला वाटलं मी गुपचूप ठेवली. तू तिच्यातच माझं सगळं ऐकून घेतलं होतंस, आणि पाणी रोज बदलायला सांगितलंस.

आणि मी इतकी वर्षं म्हणत राहिले की माझा भाऊ काही विचारत नाही.

आज मी वाटी चिंचेनं घासली. नवं पाणी भरलं. पट्टीचा एक तुकडा तिच्यात सोडला. तो तळाला गेला. माहीत होतं, तरी डोळ्यांनी बघायचं होतं. आता हे मोठ्यानं बोलून झालंय, शेडमध्ये एकटीच होते, तरी लिहूनही ठेवते. डबे मी चुकवले होते, दादा. कळल्यावर चार आठवडे गप्प मी बसले. तुझं जालना माझ्यामुळं गेलं. आबासाहेब आष्टीला अजून आहेत, अंथरुणाला खिळलेत म्हणे. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन त्यांना हे सांगून येणार आहे, पट्टी दाखवून. तू रागावशील, कुणाच्या हाती लागू नये म्हणून जपली होतीस. पण माणिकला काम येत नव्हतं, हे तेवढं त्यांच्या मनात राहायला नको.

ऊन कलायला लागलंय. तू दवाखान्यात विचारलंस तेव्हा मी मान हलवली होती, ते खोटं होतं. तेव्हाही जेवले नव्हते. आजही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. वहिनीनं सोबत भाकरी बांधून दिलीय, ती इथंच, तुझ्या टेबलावर सोडते.

जेवते, दादा.